राजकीय भाष्य वाचण्याची ओढ नेमकी कशाची?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

राजकारणावर लिहिलेलं वाचायला मला मनापासून आवडतं. घरी आणि ऑफिसात याला नसती उठाठेव म्हणतात. "निकाल लागला की कळेलच की, रोज काय वाचायचं त्यात?" असं विचारणाऱ्यांना नीट उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा काढते आहे.

कुणाचं मत काय आहे यात मला फारसा रस नाही. मत माझं मला आहे, आणि कुणी कुठल्या बाजूचा ते दुसऱ्या परिच्छेदात कळतंच. मला ओढ आहे ती कुणीतरी मूळ कागद उघडून बसतो आणि आपल्याला शेजारी बसवून दाखवतो, त्याची. हे कशामुळे झालं, कुठल्या कलमाखाली झालं, कुणाची सही लागली, कुणाची लागली नाही.

२३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट सगळ्यांना आठवत असेल. राज्यात १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती. ती पहाटे ५.४७ ला उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. दिवसभर टीव्हीवर एकच चर्चा: कुणी कुणाला फसवलं, कुणाला आधीपासून माहीत होतं. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. राजवट उठवायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते. मग रात्री बैठक झाली कधी? उत्तर चॅनेलवर मिळालं नाही, एका भाष्यात मिळालं. केंद्र सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांत बारावा नियम आहे. त्याखाली पंतप्रधान एखाद्या प्रकरणात नेमून दिलेल्या पद्धतीला अपवाद करू शकतात. तोच वापरला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली. एवढंच वाचलं आणि त्या पहाटेचं सगळं यंत्र डोळ्यांसमोर उघडं झालं. राग यायचा त्याला राग येवो, कौतुक वाटायचं त्याला कौतुक वाटो. पण आता आपण कशाबद्दल बोलतोय ते तरी कळत होतं.

दुसरं उदाहरण ११ मे २०२३ चं. शिवसेनेतल्या सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी पत्रकार परिषदा घेऊन विजय जाहीर केला. दोघंही एकाच निकालाबद्दल बोलत होते! त्या आठवड्यात ज्यांनी निकाल अखेरपर्यंत वाचून लिहिलं, त्यांची मी आजही ऋणी आहे. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती योग्य नव्हती, कारण त्यांच्यासमोर तसं ठोस काही नव्हतं. आमदारांच्या ठरावात नाराजी होती, पण सरकारचा पाठिंबा काढतो असं त्यात म्हटलेलं नव्हतं. प्रतोद (म्हणजे व्हिप) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, त्यामुळे शिंदे गटाच्या भरत गोगावले यांच्या नेमणुकीला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. इतकं सगळं ठाकरे गटाच्या बाजूनं. आणि तरीही सरकार परत येणार नाही, कारण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता २९ जून २०२२ च्या रात्री स्वतःहून पायउतार झाले होते आणि दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नव्हतं. अपात्रतेचा निर्णय पुन्हा विधानसभा अध्यक्षांकडे. म्हणजे तर्क एकाच्या बाजूचा आणि परिणाम दुसऱ्याच्या बाजूचा. हे "ऐतिहासिक निकाल" या दोन शब्दांत कसं मावणार?

असं वाचायला मिळालं की मला आनंद होतो. खराखुरा आनंद. तुम्हाला काय मिळतं यातून? तुम्ही का वाचता? आणि सोडून दिलं असेल तर का सोडलंत?

दादरचा_वाचक

धागा छान. पण माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे, ताई.

मी आवाजासाठी वाचतो. आमच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या दिवसांत आचार्य अत्र्यांचा 'मराठा' यायचा. तो निघाला १९५६ च्या नोव्हेंबरात. आमचे वडील गॅलरीत उभं राहून अग्रलेख मोठ्यानं वाचायचे आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन ऐकायचे. त्यात कलमं नव्हती. ती भाषा होती, तो संताप होता, आणि आपल्या मनातलं कुणीतरी आपल्यापेक्षा दसपट जोरात बोलतंय याचं समाधान होतं. पुढे नीलकंठ खाडिलकरांचा 'नवाकाळ' आला. छोटी छोटी वाक्यं, एकेक वाक्य म्हणजे हातोडा. गिरणीतून पाळी संपवून आलेला माणूस ते उभ्याउभ्या वाचून संपवायचा.

आणि त्याच काळात गोविंद तळवलकर होते, 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये, १९६८ पासून १९९६ पर्यंत. त्यांचा सूर अगदी उलट. आवाज न चढवता लिहायचे. पूर्व युरोपात काय चाललंय हे दादरच्या माणसाला त्यांच्यामुळे कळायचं. मी दोन्ही वाचायचो. सकाळी एक, दुपारी दुसरा.

सांगायचं ते एवढंच, की लेखक माणूस म्हणून ओळखीचा झाला पाहिजे. त्याचा स्वभाव कळला पाहिजे. तो आज कशावर चिडेल हे आपल्याला आधी कळतं, आणि एखाद्या दिवशी तो अनपेक्षित बोलतो, त्या दिवसाची आपण वाट बघत असतो. नुसता कागद उलगडून दाखवायला कारकूनही पुरतो.

रानजाई

काका, "एखाद्या दिवशी तो अनपेक्षित बोलतो" याला खूप खूप सहमत. वाचतेय.

एडिसनवासी

मूळ लेखाशी सहमत, आणि इकडचं एक उदाहरण देतो.

२८ जून २०१२. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायचा होता. विमा घेणं प्रत्येकाला सक्तीचं करणारी तरतूद घटनेत बसते का, हा मुख्य प्रश्न. निकाल हातात पडताच सीएनएन आणि फॉक्सनं जाहीर केलं की सक्ती रद्द झाली. त्यांच्या वार्ताहरांनी सुरुवातीचा भाग वाचला होता. तिथं सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणत होते की व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारातून अशी सक्ती करता येत नाही. पण तेच पुढे म्हणतात की न पाळणाऱ्याला भरावी लागणारी रक्कम हा कर मानला तर संसदेला तो अधिकार आहे. कायदा टिकला, पाच विरुद्ध चार. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी आधी टीव्हीवरची चुकीची बातमी पाहिली आणि नंतर त्यांच्या कायदेविषयक सल्लागारांनी येऊन खरं काय ते सांगितलं.

त्या दिवशी बरोबर कोण होतं? स्कोटसब्लॉग. २००२ मध्ये टॉम गोल्डस्टीन आणि एमी हाव या वकील नवराबायकोनं सुरू केलेला ब्लॉग, फक्त सर्वोच्च न्यायालयावर लिहिणारा. वर्षानुवर्षं ते एकच काम करत होते, त्यामुळे निकाल कुठपर्यंत वाचायचा असतो हे त्यांना माहीत होतं.

मी तेव्हा इकडे नवीन होतो, व्हिसा दुसऱ्याच्या हातात, मत द्यायचा हक्क नाही. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर राजकारण निघालं की गप्प बसायचो. असं वाचायला लागल्यावर पहिल्यांदा या देशात काय चाललंय ते आतून समजायला लागलं. मत देता येत नसलं तरी आपण अडाणी नाही, ही भावना परदेशात फार मोठी असते. काकांना आवाज महत्त्वाचा वाटतो ते समजतं, पण मला आधार मिळाला तो या शांत, एकमार्गी लोकांचा.

मांजराकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला थोडं कडू लिहायचं आहे, राग मानू नये.

तुम्ही सगळे ज्या भाष्याबद्दल बोलताय ते मंत्रालय, राजभवन आणि दिल्ली एवढ्यातच फिरतं. दहावं परिशिष्ट (राज्यघटनेतली पक्षांतरबंदी), प्रतोद, राज्यपाल. आमच्याकडे मांजरा नदीच्या पट्ट्यात लोक सोयाबीनचा भाव बघतात. हमीभावाच्या खाली माल विकावा लागतो, खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत पाठवतात. यावर कुणी कागद उघडून बसल्याचं मला दिसत नाही. कांद्याचंच घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. मे महिन्यात, ऐन निवडणुकीत, ती उठवली तर किमान निर्यात मूल्य आणि शुल्क लावून. मग लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या तेव्हा शहरातले भाष्यकार आठवडाभर "कांद्यानं रडवलं" लिहीत बसले. त्याआधीचे सहा महिने कुठे होते?

नगरपालिकांचं तर बोलूच नका. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. मुंबईची निदान बातमी तरी होते. राज्यातल्या कितीतरी गावांत हेच झालं. नगरसेवक नाही, स्थायी समिती नाही, सभा नाही. रस्ता, नळ, कचरा, सगळ्याचे निर्णय एका अधिकाऱ्याच्या सहीनं. हेही सरकार कोसळण्याइतकंच मोठं राजकारण आहे. त्यावर रोज लिहिणारा एक माणूस मला दाखवा.

मी वाचणं सोडलेलं नाही. पण वाचून झाल्यावर आपण परक्याच्या घरातलं भांडण ऐकून आलो असं वाटतं.

कृष्णाकाठची

मांजराकाठ, राग कसला. हे लिहिलंत ते फार बरं झालं. तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या मूळ लेखात यायला हवा होता.

एकच जोडते. नगरपालिकांच्या निवडणुका का रखडल्या हेही कुणीतरी कागद उघडून सांगितल्याशिवाय कळत नव्हतं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं वाशिम वगैरे जिल्हा परिषदांच्या प्रकरणात ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी सांगितली: समर्पित आयोग नेमा, त्याच्या शिफारशीनुसार संस्थानिहाय प्रमाण ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. मग आयोग, मग प्रभागरचना कुणी करायची याचा वाद, मग सरकार बदललं, मग सदस्यसंख्येचा वाद, मग तारखा. प्रत्येक टप्प्यावर थांबायला कारण होतं आणि प्रत्येक कारण कागदोपत्री होतं. गावातल्या माणसाला मात्र एवढंच दिसत होतं की नगरसेवक नाही. या दोन टोकांना जोडणारा लेख मी शोधून शोधून वाचला आहे. असे लेख कमी आहेत, हे खरं. तुमची तक्रार त्यांच्या कमतरतेबद्दल आहे असं मी समजते.

आमच्या साताऱ्याचंही सांगते. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला चिन्ह मिळालं होतं नुसती तुतारी. उदयनराजे निवडून आले ते बत्तीस हजारांच्या आसपास मतांनी, आणि त्या अपक्षाला मिळाली सदतीस हजार. गावात सगळे "लोकांनी ओळखूनच मत दिलं" असं म्हणत होते. नमुना २० म्हणजे बूथवार मतांचा तक्ता असतो आणि तो कुणालाही बघता येतो, हे मला भाष्य वाचूनच कळलं. तेव्हापासून मी माझ्या गावाचे आकडे स्वतः बघते. सगळी मतं चुकून पडली असं त्या तक्त्यावरून सिद्ध होत नाही. पण प्रश्न कुठे विचारायचा ते कळतं.

म्हापशेंकार

गोव्यातून लिहितो. दहाव्या परिशिष्टाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

तुमच्याकडे २०२२ मध्ये जे झालं त्याची तालीम आमच्याकडे आधीच झाली होती. १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश भरले, म्हणजे विलीनीकरण, म्हणजे अपात्रता नाही. यात मेख परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवा, की दोन तृतीयांश आमदार राजी झाले की पक्ष विलीन झाला असं मानून चालायचं? उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २४ फेब्रुवारी २०२२ ला दुसरा अर्थ लावला. त्याआधीच काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ गेले.

त्या शपथेचे फोटो सगळ्यांनी पाहिले. चौथा परिच्छेद किती जणांनी वाचला? ४० आमदारांच्या विधानसभेत एखाद्या पक्षाचे दोन तृतीयांश म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. लहान राज्यात ही तरतूद किती स्वस्तात वापरता येते, हे मला एका वकिलाच्या लेखातून समजलं आणि मी दोन दिवस अस्वस्थ होतो. माझं मत मी ज्या चिन्हाला दिलं ते आठ माणसं उचलून नेऊ शकतात, आणि कायदा त्याला पक्षांतर म्हणत नाही. हे समजून घेणं माझं काम आहे असं मला वाटतं. म्हणून वाचतो.

तळटीप

धागाकर्तीच्या मांडणीत एक धोका दिसतो, तो लिहितो.

"कागद उघडून दाखवणं" हे आपोआप चांगलं ठरत नाही. 'मार्मिक' १९६० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. त्यात पुढे मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायला लागल्या. टेलिफोन डिरेक्टरीसारख्या उघड्या कागदांतून घेतलेल्या, बहुतांश दाक्षिणात्य नावं. मथळा होता 'वाचा आणि थंड बसा', नंतर झाला 'वाचा आणि उठा'. नावं खरी होती, पदं खरी होती. भाष्य जवळजवळ नव्हतंच, नुसती यादी. त्या याद्यांतून उसळलेल्या भावनेवर १९ जून १९६६ ला शिवसेना उभी राहिली. मराठी तरुणांना नोकऱ्या मिळत नव्हत्या हे दुःखही खरं होतं. पण उडप्याच्या हॉटेलात काम करणाऱ्या पोरानं त्याची जी किंमत मोजली, तीही खरी होती.

म्हणजे पुरावा दाखवूनही माणसं भडकवता येतात. किंबहुना आजचं निम्मं राजकीय लेखन याच पद्धतीनं चालतं. एक आकडा, एक जुना फोटो, एका आदेशाचं एक पान. सगळं अस्सल. वाचणाऱ्याला वाटतं मी अभ्यास केला.

आणि काकांनी आवाजाबद्दल लिहिलं त्याबद्दल. आवाज टोपणनावामागेही असतो. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी पत्रं यायची, ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. सही करायचे 'लोकहितवादी'. शतपत्रं म्हणतो आपण, पण आहेत १०८. त्यात त्यांनी आपल्याच जातीला, आपल्याच वाचकाला सुनावलं आहे. टोपणनाव घेऊन दुसऱ्याला झोडणं सोपं असतं. आपल्या लोकांना आरसा दाखवायला टोपणनाव वापरणारे थोडे. मी भाष्यकार निवडताना हेच बघतो: स्वतःच्या बाजूला न आवडणारं त्यानं शेवटचं कधी लिहिलं?

दादरचा_वाचक

तळटीप, त्या याद्या मी तरुणपणी वाचलेल्या आहेत. आमच्या वयाची मुलं त्या वाचून पेटायची, हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं म्हणणं नाकारता येत नाही.

पण एक गोष्ट सांगतो. 'केसरी'नं ६ जुलै १८९७ ला विचारलं, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात घुसत होते, रँडचा खून झाला होता, त्यानंतर सरकारनं अख्ख्या शहराला वेठीस धरलं होतं. त्या वेळी समतोल लिहून काय झालं असतं? १९०८ च्या खटल्यात टिळकांना सहा वर्षं मंडाले झाली ती अग्रलेखांसाठीच. सात युरोपियन ज्यूरर विरुद्ध, दोन भारतीय बाजूनं. अशा वेळी लेखकाचा आवाज हाच त्याचा कागद असतो. तेव्हा सरसकट थंडपणाची अपेक्षा नको.

कृष्णाकाठची

तळटीप, तुमच्या प्रतिसादावर दिवसभर विचार केला.

यादीचं उदाहरण बरोबर आहे. मी मूळ लेखात कागद म्हटलं तेव्हा मला पूर्ण कागद म्हणायचं होतं, हे आता स्पष्ट लिहिते. ११ मे २०२३ च्या निकालातलं एकेक वाक्य उचलून दोन्ही बाजू जिंकल्या. राज्यपालांबद्दलचं वाक्य एकानं घेतलं, सरकार परत येणार नाही हे दुसऱ्यानं. दोन्ही वाक्यं निकालात आहेत. ज्यानं दोन्ही शेजारी ठेवली आणि त्यांच्यामधला दुवा दाखवला, तो लेखक मला हवा असतो. 'मार्मिक'च्या यादीत नव्हतं ते हेच: त्या नोकऱ्यांसाठी अर्ज किती आले, टंकलेखन आणि इंग्रजीचं शिक्षण कुठे मिळत होतं, कुठे नव्हतं, त्याच कंपन्यांत मराठी कामगार किती. यादी जिथं संपली तिथून खरं काम सुरू होणार होतं.

आणि पुढचंही बघा. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला: शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि अपात्र कुणीच नाही, दोन्हीकडचं कुणीच नाही. पक्षाची २०१८ ची घटना निवडणूक आयोगाच्या दप्तरात नव्हती म्हणून १९९९ ची ग्राह्य धरली, आणि अखेर वजन पडलं विधिमंडळातल्या बहुमताला. मला ज्यांचं लेखन आवडतं त्यांच्यातल्या एकानं अध्यक्षांवर कडक टीका केलीच, पण त्याच लेखात विचारलं, की पक्षानं आपली बदललेली घटना आयोगाच्या दप्तरात नीट राहील याची खबरदारी का घेतली नाही? ठाकऱ्यांबद्दल सहानुभूती असलेला माणूस होता तो. खाली त्याला शिव्या पडल्या. मी त्याला पत्र लिहून आभार मानले.

काका, टिळकांबद्दल वाद नाही. पण १८९७ च्या त्या लेखामागे पुण्यात घरोघर काय चाललं होतं त्याची खडान्‌खडा माहिती होती. संताप माहितीवर उभा होता. आज संताप आधी येतो आणि माहिती शोधायला कुणीतरी दुसरं बसतं. मला त्याचा खरोखर त्रास होतो.

कावेरी_ठाणे

मी सोडलं होतं, म्हणून लिहिते. २०२२ च्या जूनमध्ये सुरत, गुवाहाटी, गोवा असा आमदारांचा प्रवास चालला होता तेव्हा मी रात्री दोनपर्यंत वाचत बसायचे. सकाळी डोळे सुजलेले, मुलीवर चिडचिड. माहिती वाढत होती असं नाही, तेच तेच दहा ठिकाणी वाचत होते. मग सरळ बंद केलं.

परत सुरू झालं ते 'लाडकी बहीण'मुळे. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना आली, महिना १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च. आमच्या कामवाल्या मावशी अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. घरच्या ग्रुपवर तोपर्यंत दोनच सूर होते: फुकटे म्हणणारा आणि भावाची ओवाळणी म्हणणारा. मावशींना पहिला हप्ता आला तेव्हा त्यांनी त्यातून स्वतःच्या दाताचं काम करून घेतलं, कितीतरी महिने ठणकत होता तो. या दोन सुरांत तो दात कुठे बसतो? मला अशा लेखाची गरज होती जो हे पैसे कुठून येणार हेही विचारेल आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणं म्हणजे काय हेही समजून घेईल. असे एकदोन सापडले. आता आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, लांबलचक असेल तेच वाचते. घडामोडी चालू असताना वाचत नाही, त्या थांबल्या की वाचते. त्रास कमी झाला, समज वाढली.

शाईपेन

कावेरीताईंनी योजनेचा विषय काढला म्हणून लिहितो. भाष्यकारांवर एवढं प्रेम करताना २०२४ विसरू नका.

लोकसभेला महाविकास आघाडी ३०, महायुती १७. त्यानंतर चार महिने जवळपास सगळे लिहीत होते की विधानसभेलाही वारं तेच. २३ नोव्हेंबरला निकाल आला: भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादांचा पक्ष ४१. आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून पन्नासचाही आकडा नाही. मी ज्यांना मानतो त्यांतल्या फार थोड्यांना याचा वास लागला होता.

निकालानंतर मी मुद्दाम त्यांचे आधीचे लेख परत वाचले. एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी "काय होणार" लिहिलं होतं ते सगळे वाया गेले. ज्यांनी "काय चाललंय" लिहिलं होतं, म्हणजे योजनेचे पैसे कुठल्या महिन्यात किती खात्यांत पडले, जागावाटपात कोण अडून बसलं, बंडखोर कुठे उभे राहिले, ते लेख निकालानंतरही तितकेच कामाचे होते. उलट निकाल त्यांच्यामुळेच समजला. तेव्हापासून भाकिताचा लेख दिसला की मी पुढे सरकतो. ताईंच्या मूळ म्हणण्याला यातून बळच मिळतं असं मला वाटतं.

रानजाई

इतक्या चांगल्या धाग्याबद्दल सगळ्यांचे आभार. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवतेय. काकांचा 'मराठा'चा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

मांजराकाठ

ताई, तुमच्या उत्तरानंतर एक ठरवलं आहे. आमच्या नगरपालिकेत प्रशासक असतानाच्या काळातले ठराव मिळवून त्यावर लिहितो. सभाच होत नव्हती तर पाण्याच्या टाकीच्या कामाला मंजुरी कुणी, कधी आणि किती रकमेला दिली, इथून सुरुवात करणार आहे. ओळखीतून काही कागद मिळतील, पण ते नको वाटतं. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज याआधी केलेला नाही. कसा लिहायचा?

कृष्णाकाठची

फार आनंद झाला. जरूर लिहा, आणि इथेच लिहा.

अर्ज साध्या कागदावर चालतो, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. जन माहिती अधिकारी, अमुक नगरपरिषद, असा पत्ता. "का", "कारण सांगा" असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. कागद मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रशासकांनी केलेल्या सर्व ठरावांच्या नोंदवहीची प्रत, आणि टाकीच्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी आणि कार्यारंभ आदेश यांच्या प्रती. पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का बघून घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. प्रती घेण्याआधी नोंदवहीचं अवलोकनही मागता येतं, कायद्यात तशी सोय आहे. ते आधी करा, म्हणजे कुठले ठराव हवेत ते नेमकं कळेल आणि पानांचा खर्च वाचेल.

तळटीप

मांजराकाठ, अवलोकनाला जाताना निवडून आलेली परिषद असतानाच्या शेवटच्या वर्षाची नोंदवहीही बघायला मागा. प्रशासकाच्या काळात किती आणि कसली कामं मंजूर झाली हे आधीच्या वर्षाशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. आकडे आले की कळवा, तक्ता करायला मी बसतो तुमच्याबरोबर.

मांजराकाठ

चालेल. सोमवारी अर्ज देतो, पोच इथे टाकतो.